आधी धुराडं, मग शेकोटी

न्यू जर्सीतल्या आमच्या जुन्या घराच्या फायरप्लेसमध्ये लाकडं जाळायचा लोखंडी इन्सर्ट बसवायचं ठरलं. पहिल्या माणसाने धुराडं न बघताच सर्वांत कमी पैसे सांगितले. वर म्हणाला, "परमिट कशाला?" ह्यांना ते पटलंही, मीच अडून बसले. दुसऱ्याकडे नॅशनल फायरप्लेस इन्स्टिट्यूटचं प्रमाणपत्र होतं. त्याने धुराड्यात कॅमेरा सोडला, तर आतलं मातीचं अस्तर तडकलेलं! थेट वरपर्यंत स्टीलचा लायनर घालावा लागला. खर्च वाढला. पण आजीच्या चुलीचा धूर डोळ्यांत पाणी आणून सावध तरी करायचा. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. मैत्रिणींनो, भाव विचारण्याआधी प्रमाणपत्र, विमा आणि परमिटचं विचारा. आणि अलार्म लावल्याशिवाय काडी ओढू नका!