सुटलेला टाका

मुलांनो, आजीला स्वेटर विणताना पाहिलंय कधी? हल्ली दुकानात तयार स्वेटर मिळतात. तरी एखाद्या घरात दोन सुया आणि लोकरीचा गुंडा अजून असतोच. विणता विणता एक टाका सुईवरून निसटतो. आजी गप्पांच्या नादात आणखी दहा ओळी विणून जाते. मग स्वेटर उजेडात धरते, तर खाली हे भोक! आता आजी काय करते? लोकरीला नावं ठेवते? की 'मला विणकामाची आवडच नाही' म्हणून सुया फेकून देते? छे! ती वीण उसवत त्या ओळीपर्यंत मागे जाते, टाका उचलते आणि पुन्हा विणायला लागते.

ही टाक्याची गोष्ट मला एका मुलामुळे आठवली. त्याचं नाव सांगत नाही, पण तो तुमच्यातलाच एक. पाचवीत माझ्या वर्गात होता. पुढे मोठ्या शाळेत गेला. आठवीत असताना दिवाळीच्या सुट्टीत त्याची आई त्याला घेऊन माझ्या घरी आली.

"बाई, तुम्हीच सांगा आता याला. अभ्यास म्हटलं की पळतो. शाळा सोडतो म्हणतोय!"

"मामाच्या गॅरेजमध्ये जाईन," तो खाली मान घालून म्हणाला. "मला नाही आवडत शाळा."

मग मीही तेच केलं, जे आपण सगळे मोठे करतो. भाषण दिलं! शिक्षणाचं महत्त्व, आईचे कष्ट, पुढचं आयुष्य. तो मुकाट्याने ऐकत होता आणि पायाच्या अंगठ्याने फरशी कोरत होता. दहा मिनिटांनी माझ्याच लक्षात आलं की, यातलं काहीही आत पोचत नाहीये.

भाषण थांबवून मी त्याला आठवीचं एक साधं समीकरण दिलं. एका संख्येचा अर्धा भाग आणि तिसरा भाग मिळून १० होतात, तर ती संख्या कोणती? त्याने पेन उचललं, खाली ठेवलं. मी म्हटलं, "बरं, हे राहू दे. १/२ अधिक १/३ किती?" त्याने झटकन लिहिलं, २/५.

तुमच्यापैकी काहींनी मनात हेच उत्तर दिलं असेल, हो ना? मग स्वयंपाकघरात चला. अर्धी भाकरी ताटात आहे. तिच्यात आणखी एक तृतीयांश भाकरी वाढली. म्हणजे ताटातली भाकरी वाढायला हवी. पण २/५ हे तर अर्ध्याहूनही कमी! भाकरी वाढली आणि ताटातली कमी झाली? असं कसं होईल? भाकरीचे सारखे सहा तुकडे करा. अर्धी म्हणजे तीन तुकडे, तिसरा हिस्सा म्हणजे दोन तुकडे. एकूण पाच. उत्तर ५/६. आणि ती मघाची संख्या १२. बाराचे निम्मे सहा, तिसरा भाग चार, मिळून दहा!

मी खरोखरच भाकरी घेऊन आले होते. तो बराच वेळ त्या तुकड्यांकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "बाई, हे झालं तेव्हा मी गावाला होतो."

मला एकदम आठवलं. पाचवीत असताना आजोबा आजारी म्हणून तो तीन आठवडे गावी गेला होता. परत आला तेव्हा अपूर्णांकांचा धडा संपला होता. मला अभ्यासक्रम पुरा करायचा होता. 'घरी बघून घे रे,' असं म्हणून मी पुढे गेले. म्हणजे टाका माझ्याच वर्गात सुटला होता! आणि तीन वर्षं हा पोरगा त्याच भोकावर सहावी, सातवी, आठवी विणत होता. समीकरणं, टक्केवारी, गुणोत्तर, सगळीकडे अपूर्णांक येतच होते. न समजणाऱ्या गोष्टीची आवड कशी राहणार? 'मला येत नाही' म्हणायला लाज वाटते, म्हणून आपण म्हणतो, 'मला आवडत नाही'. नाचता येईना, अंगण वाकडं!

मी त्याला पाचवीचं पुस्तक दिलं. तर तो दचकला. "मित्र हसतील बाई! आठवीत असून पाचवीचं पुस्तक?"

तेव्हा मी त्याला धोंडो केशव कर्वे यांची गोष्ट सांगितली. कोकणातल्या मुरुडचा, अंगाने किरकोळ मुलगा. सहावीच्या परीक्षेसाठी शंभराहून जास्त मैल चालत, घाट चढून साताऱ्याला गेला. तिथे त्याला परीक्षेला बसूच दिलं नाही! का? तर त्याची सतरा वर्षं पूर्ण झालेली दिसत नाहीत म्हणून! तसाच परत आला, पण शाळा सोडली नाही. पुढे इंग्रजी शिकायला सुरुवात केली, तीही उशिराच. मॅट्रिक झाले १८८१ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी. आज त्या वयात मुलं पदवी घेऊन बाहेर पडलेली असतात. आपल्याहून लहान मुलांच्या बरोबरीने शिकायला त्यांना लाज वाटली नाही. १८८४ मध्ये ते बी.ए. झाले, आणि विषय कोणता, माहीत आहे? गणित! १८९१ पासून पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी गणितच शिकवलं. पुढे १८९६ साली विधवा स्त्रियांसाठी आश्रम काढला आणि १९१६ साली महिला विद्यापीठ. १९५८ साली, वयाच्या शंभराव्या वर्षी ते भारतरत्न झाले. मागे राहिलेलं शिकून घेणाऱ्याला कोणी हसलं असेलही, पण आज आठवतात ते अण्णासाहेब कर्वे. हसणारे कोणाला आठवतात?

"आणि गॅरेजचं म्हणशील," मी म्हटलं, "तर ते काम काही हलकं नाही. पण तिथेही सॉकेटच्या हँडलची मापं पाव इंच, ३/८ इंच, अर्धा इंच अशीच असतात. ३/८ मोठं की १/२, हे तिथेही लागणारच. अपूर्णांक तुझी पाठ काही सोडत नाहीत!" तेव्हा तो पहिल्यांदा हसला.

मग आम्ही ठरवलं, रोज फक्त वीस मिनिटं. एक उदाहरण समजून घ्यायचं, पुस्तक मिटायचं आणि तेच उदाहरण न बघता पुन्हा सोडवायचं. बघून सोडवलं की सगळं आल्यासारखं वाटतं. पुस्तक मिटलं की खरं काय ते कळतं! आज सोडवलेलं चार दिवसांनी पुन्हा करून बघायचं, कारण विसरणं हा सगळ्यांचाच स्वभाव आहे.

पुढच्या चाचणीत त्याला २० पैकी ९ गुण मिळाले. पहिला नंबर वगैरे काही नाही हं! पण आधीच्या चाचणीत ३ होते. मुख्य म्हणजे, शाळा सोडायचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही. परवा भेटला तेव्हा म्हणाला, "बाई, इंग्रजीतही एक टाका सुटलाय. सहावीतला आहे." मला ९ गुणांपेक्षा या वाक्याचा जास्त आनंद झाला.

मुलांनो, जो विषय 'आवडत नाही' तो आजच काढा. मागच्या इयत्तेचं पुस्तक उघडा. तेही जड जातंय? मग त्याच्याही मागचं. पुस्तकं फेकून दिली असतील तर बालभारतीची पुस्तकं मोबाइलवर मोफत उतरवून घेता येतात. जिथे सगळं सोपं वाटेल तिथे थांबा. त्याच्या पुढच्याच पानावर तुमचा टाका सुटलाय. आणि वर्गात हात वर करून 'सर, समजलं नाही' म्हणा. विश्वास ठेवा, तुमच्या मागे बसलेल्या चौघांनाही ते समजलेलं नसतं!

आणि पालकहो, तुम्हालाही एक विनंती. मूल घरी आलं की 'किती मिळाले?' आणि 'शेजारच्याला किती?' हे दोन प्रश्न आठवडाभर विचारू नका. त्याऐवजी विचारा, 'आज कुठे अडलं?' उत्तर तुम्हाला येत नसलं तरी चालेल. विचारणारं कोणी आहे, एवढं कळलं तरी मूल लपवायचं सोडतं. हा प्रश्न मीही माझ्या वर्गात आता रोज विचारते. उशिरा सुचलं खरं, पण टाका उचलायला उशीर झाला तरी चालतो, नाही का?