डॉक्टरचा चेहरा का बदलतो?

मागच्या भेटीनंतर एका ताईंचा फोन आला. म्हणाल्या, "लेक मोबाइलवर 'डॉक्टर हू' नावाची इंग्रजी मालिका बघते. त्यातला डॉक्टर कधी म्हातारा, कधी तरणा, मध्येच बाई! आणि सगळे मिळून एकच माणूस म्हणे. पेशंट तर एकही दिसत नाही. हा प्रकार तरी काय आहे?"

तर आज त्याबद्दलच बोलू. हा डॉक्टर दवाखान्यातला नव्हे. परग्रहावरून पळून आलेला, काळात मागेपुढे हिंडणारा तो एक भटक्या. खरं नाव कुणाला माहीत नाही. त्याचं यान म्हणजे टार्डिस. बाहेरून कपाटाएवढी निळी पोलीसचौकी, आत मात्र वाड्यासारखी ऐसपैस. हे यान खरं तर जागेप्रमाणे रूप बदलणारं. पण दर वेळी नवं यान बनवायला पैसे कुठले? मग कथेतच सांगून टाकलं की वेश पालटायचं यंत्र बिघडलंय. ते आजतागायत बिघडलेलंच आहे.

मालिका बीबीसीवर २३ नोव्हेंबर १९६३ला सुरू झाली. निर्मात्या होत्या सत्तावीस वर्षांच्या व्हेरिटी लॅम्बर्ट. पहिल्या कथेचे दिग्दर्शक वारिस हुसेन त्यांच्याहूनही लहान, जन्म लखनौचा. मुलांचं रंजन व्हावं आणि चार गोष्टी कळाव्यात, हा हेतू. म्हणून डॉक्टरबरोबर त्याची नात आणि तिच्या शाळेतले दोन शिक्षक दिले. बार्बरा इतिहासाच्या बाई आणि इयन विज्ञानाचे सर. राक्षसबिक्षस नकोत असं वरिष्ठांनी बजावलं होतं. तरी लॅम्बर्टबाईंनी दुसऱ्याच कथेत डालेक नावाचे लोखंडी शत्रू आणले आणि त्यांनीच मालिका घरोघरी पोहोचवली.

आता ताईंच्या प्रश्नाकडे येऊ. डॉक्टरचं काम करणारे विल्यम हार्टनेल आजारी पडू लागले, संवाद आठवेनात. आपल्याकडे नट बदलला की पडद्यावर पाटी येते, नाहीतर बिचाऱ्या पात्राला अपघात होऊन चेहऱ्यावर शस्त्रक्रिया करावी लागते! इथे १९६६ साली वेगळी युक्ती काढली. डॉक्टर जमिनीवर कोसळतो, चेहरा उजळतो आणि उठतो तो दुसराच माणूस, पॅट्रिक ट्राउटन. आठवणी त्याच, स्वभाव नवा. हा कायापालट. त्याच आधारावर २०१७च्या नाताळात जोडी व्हिटेकर डॉक्टर झाल्या.

बाकीचा इतिहासही असाच गरज पडेल तसा जोडत गेले. डॉक्टर 'काळाचे स्वामी' म्हणवणाऱ्या जमातीचा, हे कळायला १९६९ उजाडलं. १९७६मध्ये सांगितलं की कायापालट फक्त बाराच वेळा होतो. २०१३मध्ये ती बारी संपली, तेव्हा जातभाईंनी नवे जन्म बहाल केले. १९८९ला बंद पडलेली मालिका २००५ला परतली, तेव्हा त्याचा ग्रह महायुद्धात नष्ट झालेला होता. २०१३ला कळलं, नव्हता झाला. कल्पनेतला इतिहास असा हवा तसा उसवता, शिवता येतो. चाहते त्यावर हिरिरीने भांडतात. आपण त्यात पडायला नको.

माझं लक्ष वेधलं ते दुसऱ्याच गोष्टीने. स्वतःच्या इतिहासाशी इतका सैल वागणारा हा कार्यक्रम माणसांच्या खऱ्या इतिहासाला सहसा हात लावू देत नाही. १९६४च्या एका कथेत ही मंडळी मेक्सिकोत अॅझ्टेक लोकांत पोहोचतात. तिथले लोक बार्बराबाईंना देवावतार समजतात. आपल्या शब्दाला मान आहे तर नरबळी थांबवावा, असं त्यांना वाटतं. डॉक्टर अडवतो आणि बाईंना हार मानावी लागते.

तोच प्रश्न २०१८ला आपल्या दारात आला. विनय पटेल यांनी लिहिलेल्या भागात शेफील्डची यास्मिन खान आजीचं, उम्ब्रीनचं, बंद पडलेलं घड्याळ घेऊन डॉक्टरबरोबर ऑगस्ट १९४७च्या पंजाबात जाते. पाहते तर आजीचं लग्न ठरलंय, पण आजोबांशी नव्हे. प्रेम नावाच्या हिंदू तरुणाशी! दोघं नव्या सीमारेषेवर उभी राहून लग्न करतात. घड्याळ हातातून पडून फुटतं. आणि प्रेमचा धाकटा भाऊच बंदूकधारी घेऊन येतो. प्रेमला वाचवलं तर यास्मिन जन्मणार नाही. डॉक्टर आणि मंडळी पाठ फिरवून चालू लागतात. मागे गोळीचा आवाज येतो.

मला इथे वारिस हुसेनांच्या आई आठवल्या. अत्तिया होसेन. फाळणीच्या काळात विखुरत गेलेल्या लखनौच्या एका घराण्यावर त्यांनी कादंबरी लिहिली. बीबीसी रेडिओवरही त्या बोलत, म्हणजे आपल्यातल्याच म्हणायच्या. पहिल्या दिग्दर्शकाच्या घरातलं हे दुःख त्या मालिकेत यायला पंचावन्न वर्षं लागली.

ताई, लेकीला सांगा, हाच भाग लाव. मागचंपुढचं ठाऊक नसलं तरी कळतो. शेवटी यास्मिन घरी परतते. आजी विचारते, घड्याळाची गोष्ट ऐकायची का? सगळं डोळ्यांनी पाहून आलेली नात म्हणते, नंतर कधीतरी सांग.