हातात बसणारी जादू

नाशिकच्या पंचवटीत जादूचा खेळ मांडणाऱ्याला पाठ नसते. नाट्यगृहातल्या जादूगाराच्या मागे पडदा असतो, बाजूला विंगा असतात. गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात किंवा सिंहस्थाच्या गर्दीत खाली काळा दगड, डोक्यावर ऊन आणि चहूबाजूंनी माणसे. अशा जागी हातचलाखी टिकते ती वेगामुळे, असा सर्वसाधारण समज आहे. तो चुकीचा आहे. झटकन झालेली हालचाल डोळा लगेच टिपतो, आणि नसलेला संशयही तीच जागा करते. लपवलेली वस्तू उघडी पडते ती बहुधा हात आखडल्यामुळे. मुठीतले नाणे टोचते, घसरते, म्हणून बोटे ताठ होतात. बघणाऱ्याला काय लपवले ते कळत नाही, पण कोणत्या हातात आहे ते कळते, आणि तेवढे त्याला पुरते. म्हणून सामान हाताला सोयीचे करून घेणे ही नवशिक्याची पळवाट मानू नये. निम्मी नजरबंदी तिथेच होऊन जाते.

या म्हणण्याला सर्वांत जुना पुरावा आपल्याच रस्त्यावरच्या वाट्या-गोळ्यांच्या खेळात आहे. युरोपात याच खेळाचे पेले उभट आणि धातूचे असतात. जादूगार टेबलामागे उभा राहून ते हाताने पकडून उचलतो. आपल्याकडची वाटी बुटकी, बहुधा लाकडी, आणि तिच्या डोक्यावर कळसासारखी गाठ. खेळणारा जमिनीवर बसलेला असतो, हात वरून खाली येतो आणि गाठ तर्जनी व मधल्या बोटाच्या बेचक्यात आपोआप बसते. वाटी उचलायला अंगठा लागत नाही, त्यामुळे जे काही करायचे ते करायला अंगठा आणि उरलेली बोटे मोकळी. गाठीची मान बारीक हवी आणि माथा थोडा पसरट. मान जाड झाली की दोन बोटे फाकतात, हाताच्या पाठीवरच्या शिरा ताणून दिसतात आणि वाटी उचलणे हे काम वाटू लागते. गोळ्याही कापडाच्या: दाबल्या तर दबतात, दगडावर पडल्या तरी वाजत नाहीत. केरळात या खेळाला चेप्पुम पंथुम म्हणतात आणि वाळकुन्नम नीलकंठन नंबुदिरी यांनी त्याला प्रतिष्ठा मिळवून दिली. कोलकात्याच्या एडी जोसेफ यांनी भारतीय वाट्यांवर इंग्रजीत स्वतंत्र पुस्तकच लिहिले. ज्यांना आपण गारुडी-मदारी म्हणून हसण्यावारी नेले, त्यांच्या पोतडीतल्या एका लाकडी गाठीत इतका विचार आहे.

नाण्यांची कथा याच्या उलट आहे. नाण्यांच्या जादूवरचा जगभर वाचला जाणारा ग्रंथ म्हणजे जे. बी. बोबो यांचा 1952 सालचा ‘मॉडर्न कॉइन मॅजिक’. असे ग्रंथ लिहिणाऱ्यांच्या हातात सहसा अमेरिकी अर्धा डॉलर असतो: व्यास 30.6 मिलिमीटर, वजन 11.34 ग्रॅम. योगायोग असा, की आपला जुना चांदीचा रुपया जवळपास त्याच मापाचा होता. वजन एक तोळा म्हणजे 11.66 ग्रॅम, व्यास साडेतीस मिलिमीटरच्या आसपास. राणीछाप रुपया तळहातात धरणाऱ्याला परदेशी पुस्तकातली पकड जशीच्या तशी जमली असती. आजचा विद्यार्थी तेच पान उघडून 2011च्या मालिकेतला रुपया हातात घेतो, तो 21.93 मिलिमीटरचा, 3.79 ग्रॅमचा, गुळगुळीत पोलादाचा. तळहाताच्या दोन मांसल कडांमध्ये तो धरायला पंजा इतका आत ओढावा लागतो की हात पक्ष्याच्या नखांसारखा दिसतो. मग विद्यार्थी स्वतःला दोष देतो, ‘माझा हातच नाही’ म्हणतो. दोष मापाचा आहे. दोन रुपयांचे नाणे 25 मिलिमीटरचे, पण वजन पाच ग्रॅमही नाही. दहाचे नाणे, 27 मिलिमीटर आणि 7.71 ग्रॅम, त्यातल्या त्यात बरे. वीसचे तितकेच रुंद आणि थोडे जडही, पण त्याला बारा कडा. कोपरा तळव्यात कुठे येईल यावर पकड बदलते.

पत्त्यांबाबत तेवढी अडचण नाही. रुंद पत्ता 63.5 मिलिमीटरचा, ब्रिजचा अरुंद पत्ता 57 मिलिमीटरचा. लहान हाताने दुसरा घ्यावा, त्यात कमीपणा नाही. मोठा शत्रू हवामान. आषाढातल्या दमट हवेत कागदी पत्ते फुगून चिकटतात आणि नाशिकच्या पौषातल्या थंडीत बोटे इतकी कोरडी होतात की गड्डी निसटते. खऱ्या अंगठ्यावर चढवून आत वस्तू लपवायच्या कृत्रिम अंगठ्याची चूक आणखी बोलकी आहे. तो घेताना सगळे रंग बघतात, कारण बाजारात येणारे अनेक अंगठे गोऱ्या कातडीच्या गुलाबी छटेचे असतात. पण हालत्या हातावरची छटा सहसा कोणी तपासत नाही. सैल झालेला अंगठा मात्र पडेल या भीतीने ताठ उभा राहतो, आणि ताठ अंगठा सर्वांना दिसतो.

सोयीच्या सामानाचे मोल सर्वांत जास्त कोणाला, याचे उत्तर महाराष्ट्रात तरी व्यावसायिक जादूगाराकडे नाही, चळवळीकडे आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी 1989 मध्ये स्थापन केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते चमत्कार करून दाखवतात आणि मग त्यामागची युक्ती सांगतात. हवेतून विभूती काढण्याची युक्ती त्यांनी गावोगाव उघड केली आहे: राख भाताच्या पेजेत मळून वाळवलेली गोळी, अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात. पेज कमी पडली तर घामातच गोळी विरते. जास्त झाली तर चिरडत नाही आणि भक्तासमोर हात चोळत बसावे लागते. करणारी माणसे शिक्षक, विद्यार्थी, गृहिणी. रोज चार तास आरशासमोर बसण्याची चैन त्यांना नाही. तीर्थक्षेत्री असा प्रयोग फसला तर टाळ्या जाण्यावर भागत नाही, मुद्दाच जातो. त्यांच्या दृष्टीने पेजेचे प्रमाण हे सरावाइतकेच महत्त्वाचे.

यावर जुन्या जाणत्यांचा आक्षेप ठरलेला: खऱ्या कलावंताला कोणतेही सामान चालते. चालते, हे कबूल. पण तबलजी मैफलीआधी हातोडी घेऊन तबला लावतो तेव्हा त्याला वाजवता येत नाही असे कोणी म्हणत नाही. कोणत्याही नाण्यावर हुकमत येते ती आधी योग्य नाण्यावर हात बसल्यानंतर. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. प्रेक्षकाचा विश्वास त्याच्याच खिशातल्या वस्तूवर असतो. राणीछाप रुपया बाहेर काढला की आधी कुतूहल, लगेच संशय. हे खरेच आहे, म्हणून चांदीचा रुपया शिकण्यापुरता ठेवावा आणि खेळ प्रेक्षकाकडून मागून घेतलेल्या दहाच्या नाण्यावर करावा. चालू नाणे घासून-कापून सोयीचे करण्याचा मोह मात्र टाळलेला बरा. नाणे नष्ट करायला 2011च्या नाणे कायद्याने बंदी आहे.

तरीही सोयीला एक मर्यादा आहेच. नाण्याला मेण लावले की पकड सुधारते, पण आता मेणही लपवावे लागते. लपवायची गोष्ट एक होती, तिथे दोन झाल्या. कागदी पत्त्याची कड खरखरीत केली तर तो पत्ता प्रेक्षकाच्या हातात देता येत नाही. ज्या सोयीसाठी पुन्हा सावध राहावे लागते ती हाताला नव्याने ताठ करते. वाटीवरच्या गाठीला हा त्रास नाही. ती सगळ्यांना दिसते, हवी तर हातात घेऊनही बघता येते, आणि बघणारा ती शोभेची समजून वाटी खाली ठेवतो.