मूलकांची बदनामी आणि मुळाचा घोळ

चेहऱ्याच्या क्रीमपासून ग्रीन टीपर्यंत सगळ्या जाहिरातींचा शत्रू एकच: फ्री रॅडिकल्स, म्हणजे मुक्त मूलकं. पेशी पोखरणारं, अकाली म्हातारं करणारं विष अशी त्यांची ख्याती आहे, आणि ती अर्धीच खरी आहे. ज्यात निदान एक इलेक्ट्रॉन जोडीविना उरला आहे असा अणू किंवा रेणू म्हणजे मुक्त मूलक. असा रेणू बहुधा शेजाऱ्याचा इलेक्ट्रॉन ओढतो, त्यातून डीएनएला इजा होऊ शकते, हे खरंच. पण आपण श्वासावाटे घेतो त्या ऑक्सिजनच्या रेणूतच असे दोन एकटे इलेक्ट्रॉन असतात! रक्तवाहिन्या सैल करणारा नायट्रिक ऑक्साइडही मुक्त मूलकच. त्याचं हे काम उलगडणाऱ्या तिघांना १९९८ चं वैद्यकाचं नोबेल मिळालं. पांढऱ्या पेशी तर जंतू मारायला सुपरऑक्साइड हे मूलक मुद्दाम तयार करतात.

तेव्हा मूलकांना आवर घालणारे ‘अँटिऑक्सिडंट जितके जास्त तितकं बरं’ हा हिशेबही चुकतो. फिनलंडमध्ये २९ हजारांहून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर मोठी चाचणी झाली. १९९४ मध्ये निष्कर्ष आले, ते अपेक्षेच्या उलट: बीटा-कॅरोटिन या अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुफ्फुसाच्या कर्करोगाचं प्रमाण १८ टक्क्यांनी जास्त निघालं. बीटा-कॅरोटिन असलेली गाजरं बिनधास्त खावीत. प्रश्न गोळीतल्या मोठ्या मात्रेचा आहे.

सगळी मूलकं क्षणात नाहीशी होतात असंही नाही. १९०० साली मोझेस गोम्बर्ग यांनी मिशिगन विद्यापीठात ट्रायफेनिलमिथाइल हे मूलक तयार केलं. हवा लागू दिली नाही, तर ते द्रावणात टिकून राहतं.

शाळेत पाठ केलेली सल्फेट, नायट्रेट, अमोनियम ही मूलकं मात्र निराळी. ते विद्युतभारित आयन. त्यांचे इलेक्ट्रॉन जोडीजोडीनेच असतात. तुरटी फिरवलेल्या पाण्यातलं सल्फेट कुणाच्या पेशींवर चालून जात नाही.

इंग्रजीत गणितातलं √ हे चिन्हही रॅडिकलच. त्याचा इलेक्ट्रॉनशी काडीचा संबंध नाही, पण घोळ तिथेही आहेत. √९ म्हणजे ३, ‘अधिक किंवा उणे ३’ नव्हे. क्ष² = ९ या समीकरणाला दोन उत्तरं आहेत; चिन्ह मात्र त्यातलं धन उत्तरच दाखवतं. √१६ आणि √९ यांची बेरीज ७ होते, √२५ म्हणजे ५ नव्हे. तरी दहावीच्या उत्तरपत्रिकांत हे मिलन सुखाने होत असतं.

सर्वांत सुशिक्षित गैरसमज पाचव्या घाताच्या समीकरणांचा. आबेल या नॉर्वेजियन तरुणाने १८२४ मध्ये सिद्ध केलं, की त्यांच्यासाठी मुळांच्या चिन्हांनी लिहिलेलं सर्वसाधारण सूत्र असूच शकत नाही. म्हणजे उत्तरच नाही, असं पुष्कळांना वाटतं. क्ष⁵ − क्ष − १ = ० घ्या. त्याचं एक उत्तर १.१६७३ च्या आसपास आहे आणि हव्या तितक्या दशांश स्थळांपर्यंत काढता येतं. फक्त पूर्णांक, चार मूलभूत क्रिया आणि मुळांची चिन्हं एवढ्याच सामग्रीत ते मांडता येत नाही.