गिरणेच्या वाळूतला नाकतोडा

1988 च्या मे महिन्यात मामा मस्कतहून कळवणला आला. बॅगेत अत्तराच्या बाटल्या होत्या, आईसाठी साडी होती आणि तळाशी माझ्यासाठी एक मोठा चपटा खोका. झाकणावर पांढऱ्या गाडीचं चित्र होतं आणि नाव होतं ‘ग्रासहॉपर’. शेजारच्या काकांनी अर्थ सांगितला, नाकतोडा. त्या दिवसापासून आमच्या घरात तिला दुसऱ्या नावानं कुणी हाक मारलेली नाही.

खोका उघडला तर आत गाडी नव्हतीच. प्लास्टिकच्या चौकटींना चिकटलेले सुटे भाग, स्क्रूच्या पुड्या, एक छोटी मोटर आणि चित्रांची पुस्तिका. पाच संध्याकाळी ओट्यावर बसून मामानं आणि मी ती जोडली. जोडून झाल्यावर कळलं की रिमोट, बॅटरी आणि चार्जर यात येत नाहीत, ते वेगळे घ्यायचे असतात. मामाची पुढची खेप वर्षानं होती. ते वर्षभर मी नाकतोडा हातानं ढकलला. अंगणातून, ओसरीवरून, गोठ्याच्या उतारावरून. तिच्या मागच्या आखाशी माझी मैत्री तेव्हाच जमली आणि आजही या छंदात मला सर्वांत जास्त बोलावंसं वाटतं ते त्या आखाविषयीच.

आधी थोडा इतिहास. जपानमधल्या शिझुओकाची तामिया ही कंपनी 1946 साली लाकडाच्या व्यवसायातून सुरू झाली. 1976 मध्ये तिनं पोर्शे 934 ही आपली पहिली रिमोटची गाडी काढली. ती गुळगुळीत जमिनीवर पळायची. 1979 मध्ये ‘रफ रायडर’ आणि ‘सँड स्कॉर्चर’ आल्या आणि रिमोटची गाडी मातीत उतरली. मेक्सिकोच्या बाहा वाळवंटात फोक्सवॅगन बीटलचे मडगार्ड कापून शर्यती लावत, ‘सँड स्कॉर्चर’ हे त्या गाड्यांचं छोटं रूप. पुढं 1983 मध्ये ‘फ्रॉग’, 1984 मध्ये ‘ग्रासहॉपर’ आणि ‘हॉर्नेट’. म्हणजे बेडूक, नाकतोडा आणि गांधीलमाशी. 2000 नंतर कंपनीनं यातल्या बऱ्याच गाड्या पुन्हा बाजारात आणल्या, म्हणून आज सुटे भाग मिळतात. इतिहास इतका पुरे.

आता आख. फ्रॉगची मागची दोन्ही चाकं स्वतंत्र झुलतात. एक दगडावर चढलं तरी दुसरं जमीन सोडत नाही. ही विद्या कंपनीला आधीपासून येत होती. तरीही ग्रासहॉपरमध्ये तिनं ती वापरली नाही, कारण ही गाडी नवशिक्या पोरासाठी स्वस्तात द्यायची होती. इथं मोटर, गिअर, आख आणि दोन्ही चाकं मिळून एकच गाठोडं आहे. ते पुढच्या बाजूला बिजागरीसारखं अडकवलेलं असतं आणि वरून दोन स्प्रिंगा त्याला दाबून धरतात.

गाडीच्या वजनाचे दोन भाग पडतात, स्प्रिंगच्या वरचं आणि स्प्रिंगच्या खालचं. खालचं वजन जितकं कमी, तितकं चाक जमिनीला धरून राहतं. बैलगाडीला स्प्रिंगच नसते, म्हणून चाकाचा प्रत्येक दणका बसणाऱ्याच्या मणक्यात जातो. नाकतोड्याला स्प्रिंग आहे, पण मोटरीसकट सगळा जड माल तिच्या खाली लटकलेला आहे. दगड लागला की हे सगळं गाठोडं वर उडतं, स्प्रिंग दबते आणि दबलेली ताकद तशीच परत फेकते. ती ताकद गिळायला तेल नाही. बँकेच्या काचेच्या दारावर तेलाचा दट्ट्या बसवलेला असतो. दार सोडलं तरी तो ते आपटू देत नाही, सावकाश मिटवतो. गाडीतल्या ऑइल डँपरचं काम तेच. भोकं असलेली चकती तेलातून सरकते आणि उसळीची उष्णता होऊन जाते. हॉर्नेटला मागं असे डँपर आहेत, ग्रासहॉपरला नाहीत. म्हणून ती धावत नाही, टणाटण उड्या मारत जाते. नाव ठेवणाऱ्यानं नीट पाहून ठेवलं आहे.

हॉर्नेटचे डँपर या गाडीला बसतात. मी 2011 मध्ये ते मागवून बसवले. तेल भरताना दट्ट्या खालीवर करून हवेचे बुडबुडे काढले, एक रात्र उभे ठेवले. दुसऱ्या दिवशी गिरणेच्या पात्रात गाडी शहाण्यासारखी पळाली. वळणावर शेपूट घसरली नाही, दगडावर उलटली नाही. मी दहा मिनिटांत रिमोट खाली ठेवला आणि घरी येऊन जुन्या स्प्रिंगा परत लावल्या. तेव्हापासून माझं मत ठाम आहे. जुन्या गाडीत सुधारणा करावी, पण जिथं झीज होते तिथं. तिची चाल बदलू नये.

झीज होते ती बुशांत. आख फिरतो तिथं साधे बुश असतात आणि आमच्या भागातली धूळ त्यात पीठ दळल्यासारखी बसते. त्या जागी 11 मिलिमीटर बाहेरचा आणि 5 मिलिमीटर आतला व्यास असलेली बॉल बेअरिंगं घालावीत, तीही रबरी सीलची. पत्र्याच्या झाकणाची बेअरिंगं जरा मोकळी फिरतात, पण आमच्याकडं ती दोन-तीन महिन्यांत करकरू लागतात. दुसरी जागा वेग बदलणाऱ्या यंत्राची. जुन्या पद्धतीत सर्व्हो मोटर एक तांब्याची पट्टी पुढंमागं सरकवते आणि वेग कमी हवा असेल तर जादा वीज रेझिस्टरमध्ये जाळून टाकते. हात लागला तर चटका बसतो. तिथं इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर बसवला की बॅटरी जास्त वेळ पुरते. लिथियमची बॅटरी घालायची तर असा कंट्रोलर हवाच, कारण तिच्या प्रत्येक सेलचा दाब 3 व्होल्टच्या खाली गेला की ती कायमची बिघडते आणि जुन्या पट्टीला ते कळत नाही. मी मात्र निकेल मेटल हायड्राइडच्या 7.2 व्होल्टवर समाधानी आहे.

एक गोष्ट पोटतिडकीनं सांगतो. या जपानी गाड्यांचे फुलीचे स्क्रू आपल्या नेहमीच्या फिलिप्स स्क्रू ड्रायव्हरचे नव्हेत, त्यांचा साचा जपानी मानकाचा आहे. आपला स्क्रू ड्रायव्हर त्यात पूर्ण बसत नाही, जोर दिला की निसटतो आणि फुली खाऊन टाकतो. चाळीस वर्षं जुना स्क्रू असा मरताना पाहवत नाही. योग्य स्क्रू ड्रायव्हर घ्या. प्लास्टिकमध्ये स्क्रू पिळताना आधी तो उलटा फिरवा, हलकी टिक जाणवली की जुन्या आट्यात बसला असं समजा आणि मग सुलटा पिळा.

कळवणच्या बाजारात मिक्सर दुरुस्त करणारे एक दादा आहेत. मोटर दमली तेव्हा मी ती त्यांच्याकडं नेली. त्यांनी ती कानाशी धरून हातानं फिरवली आणि म्हणाले, ‘‘कार्बन संपलाय, पण ही पेटी बंद आहे, उघडली तर परत बसणार नाही.’’ निदान अचूक होतं. 380 नावाची ही मोटर साधारण 28 मिलिमीटर जाडीची, पत्रा दुमडून बंद केलेली असते. तिच्या जागी 36 मिलिमीटरची 540 बसते, हॉर्नेटला तीच असते. मी 380 च घातली. जुनी मोटर दादांनी मागून घेतली, ती त्यांच्या काउंटरवर आहे.

पुण्यात एका संग्राहकांकडं गेलो होतो. काचेच्या कपाटात तीसेक गाड्या, त्यांत अमेरिकेच्या असोसिएटेड कंपनीची आरसी 10. रॉजर कर्टिस यांनी रचलेली ही गाडी 1984 ची, सोनेरी मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या तळाची. 1985 मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेल मार इथं मातीतल्या गाड्यांची पहिली जागतिक स्पर्धा झाली, तेव्हा जे हॅल्सी टू-व्हील गटात हीच गाडी चालवून जिंकला. हातात घेतली तर तळावर एक ओरखडा नाही. कधी पळवली का, असं विचारलं. ते म्हणाले, ‘‘किंमत उतरते.’’ त्यांचा जिव्हाळा खरा आहे, भागांची त्यांना असलेली माहिती माझ्याहून दसपट आहे. पण परतीच्या एसटीत मला त्या गाडीची चुटपुट लागून राहिली. उभ्या गाडीचं रबर तसंही तडकतंच.

आमच्याकडं पळवायला जागांची कमी नाही. मे महिन्यात चणकापूर धरणाचं पाणी ओसरलं की काठाच्या गाळाला भेगा पडतात, त्यावर चाकांचा आवाज पापडासारखा येतो. उन्हाळ कांदा निघालेलं रान मऊ असतं, पण तिथं सावध राहावं लागतं. कांद्याची पात, मुळ्या आणि सुतळीचे तुकडे आखाला गुंडाळले जातात आणि चाक व गिअरबॉक्सच्या फटीत घट्ट बसतात. सर्वांत चांगली जागा गिरणेच्या वाळूची, पावसाळा सरल्यावर, वाळू वरून कोरडी आणि आतून ओलसर असताना. पूर्वी तिथं दोन गाड्या असल्या की आधी रंग विचारावा लागे. 27 मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात तपकिरी, लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा असे सहा भाग असत आणि दोघांच्या अँटेनावर एकाच रंगाची फीत असली की एकाच्या रिमोटनं दुसऱ्याची गाडी वळे. आता 2.4 गिगाहर्ट्‌झचे रिमोट आपली वाट आपण शोधतात. मी अँटेनाची नळी आणि तिच्यावरची पिवळी फीत तशीच ठेवली आहे.

गेल्या रविवारी भाचीला घेऊन पात्रात गेलो. ती अकरा वर्षांची आहे, पहिल्यांदा मी तिला जुन्या रेषेत, दगडांच्या कडेनं गाडी न्यायला सांगितलं. तिनं सरळ दगडांवर घातली. नाकतोडा तीनदा उडाला, चौथ्यांदा एका चाकावर तिरका झाला आणि पुन्हा चारही चाकांवर आला. बॅटरी संपेपर्यंत ती तीच रेघ मारत राहिली. घरी आल्यावर ओट्यावर बसून तिनं चिमट्यानं आखाभोवतीची सुतळी सोडवली आणि विचारलं, मामाआजोबा पुन्हा कधी येणार आहेत?