संदेश पोचला, पण कार्य झाले काय?

पुणे-नाशिक व कल्याण-अहिल्यानगर हे हमरस्ते जेथे एकमेकांस छेदतात, ते आळेफाटा जुन्नर बाजार समितीच्या उपबाजारातील कांद्यासाठी प्रसिद्ध आहे. येथील कृषी कर्मचाऱ्याचे बरेच काम आता मोबाईलवर चालते. क्रॉपसॅप प्रकल्पाद्वारे २००९-१० पासून राज्यात कीड-रोगांच्या नोंदी संगणकावर जाऊ लागल्या. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः पिकाची नोंद छायाचित्रासह करू लागला. तेव्हा या नव्या कामातील कर्मचाऱ्याचे कौशल्य कसे मोजावे, याचा विचार अगत्याचा आहे.

एमएस-सीआयटीचे प्रमाणपत्र संगणक हाताळता येतो, एवढेच सांगते. किती संदेश पाठविले, हा आकडाही अपुरा होय. पेरलेल्या बियाण्याच्या वजनावरून उत्पन्न ठरत नाही.

कांद्याचेच उदाहरण घ्यावे. दुरून काढलेल्या छायाचित्रात पात पांढरट दिसते. पण ते फुलकिडे की करपा, हे तज्ज्ञास कळत नाही. फुलकिडे पातीच्या बेचक्यात दडतात. जांभळ्या करप्याचा डाग आरंभी लहान, खोलगट व पांढरट असून पुढे जांभळट होतो. निदान चुकल्यास किडीवर बुरशीनाशक फवारले जाते. पैसा जातो आणि पातही जाते.

म्हणून मोजमापास पुढील चार कसोट्या लावाव्यात :

१. माहिती पूर्ण होती काय? पातीचे व बेचक्याचे जवळून घेतलेले छायाचित्र, लागवडीची तारीख आणि आधीच्या फवारण्या कळविल्या काय?

२. ती नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्रातील तज्ज्ञासारख्या जाणकाराकडे वेळेवर गेली काय?

३. सल्ला शेतकऱ्यास समजला काय? औषधाचे प्रमाण त्याने आपल्या शब्दांत परत सांगितले, तरच समजला असे मानावे.

४. शेजारच्या गावातील सहकाऱ्यास ही माहिती मिळाली काय?

दरमहा कोणतेही दहा संदेश निवडून ते या कसोट्यांवर तपासावेत. तपासणी शिकविण्यासाठी असावी, दंडासाठी नसावी. दंडाचे भय असले, की कर्मचारी चुका लपवितो आणि वहीत केवळ आकडे भरतात.

ज्याच्याकडे मोबाईल नाही, त्याच्यापर्यंत संदेश पोचला नाही असेच धरावे व बांधावर जावे. शेतकरी बंधूंनीही सल्ल्याचा परिणाम कर्मचाऱ्यास अवश्य कळवावा. फवारणीनंतर पात सुधारली की नाही, हे कळल्यावाचून कोणतेही मोजमाप पुरे होत नाही.