द्राक्षांचा एक कंटेनर आणि अख्खा अभ्यासक्रम

आंतरराष्ट्रीय व्यापार आणि वित्त हा विषय घ्यायचा विचार करताय? तिथे काय शिकवतात, ते नाशिकच्या द्राक्षांवरून पाहू. समजा, एक कंटेनर न्हावा शेवाहून रॉटरडॅमला निघालाय.

🔹 आपण द्राक्षं विकायची आणि यंत्रं विकत घ्यायची, हे दोन्ही देशांना का परवडतं? याचा पाया म्हणजे डेव्हिड रिकार्डोचा १८१७ मधला तुलनात्मक लाभाचा सिद्धांत.

🔹 वाटेत माल खराब झाला तर नुकसान कुणाचं? ते इन्कोटर्म्स २०२० या आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियमांमधल्या ११ अटींपैकी कोणती निवडली, त्यावर ठरतं. एफओबी ही अट असेल, तर माल जहाजावर चढला की जोखीम खरेदीदाराची.

🔹 अनोळखी ग्राहक पैसे देईल कशावरून? त्यासाठी लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे ग्राहकाच्या बँकेने दिलेली पैशांची हमी. गंमत म्हणजे बँक द्राक्षं बघतच नाही, फक्त कागदपत्रं तपासते. यूसीपी ६०० या लेटर ऑफ क्रेडिटच्या नियमांनुसार त्या तपासणीसाठी तिला जास्तीत जास्त ५ बँकिंग दिवस मिळतात.

🔹 पैसे हाती येईपर्यंत युरो घसरला तर? फॉरवर्ड करार करून दर आजच पक्का करता येतो.

अर्थशास्त्र, कायदा, बँकिंग, सगळं एकाच सौद्यात! म्हणूनच मला हा विषय इतका आवडतो.

या विषयाचं शिक्षण देणारी दिल्लीची आयआयएफटी ही संस्था १९६३ पासून आहे. प्रवेशाआधी तयारी करायची असेल, तर भारताचं परकीय व्यापार धोरण २०२३ वाचायला घ्या. ते सरकारी संकेतस्थळावर मोफत मिळतं.

काही अडलं तर बिनधास्त विचारा, माहीत असेल ते नक्की सांगेन.